ऑफिसात, सोसायटीत, मोबाइलवर: ख्रिस्ताविषयी बोलायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या भगिनी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातल्या, तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या विश्वासी. नोकरी हिंजवडीत, राहणं वाकडच्या एका मोठ्या सोसायटीत. ऑफिसात जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत, पण विश्वासाचा विषय निघाला की या गप्प होतात. मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, तरुण संघ म्हणतो, नाताळात चौकात उभं राहून पत्रिका वाटू. घरचे म्हणतात, व्हॉट्सअॅपवर रोज वचन टाकतेस ना, तेवढं पुरे. आणि मनात धास्ती अशी, की कुणी ‘धर्मांतर’ म्हणून ओरड केली तर नोकरीवर येईल, घरच्यांना त्रास होईल. शेवटी त्यांनी विचारलंय, आजच्या काळात ख्रिस्ताविषयी सांगायचं तरी कसं, आणि सांगावंच का?

मी नगर आणि पुणे भागात पाळक म्हणून सेवा केली आणि आता मंडळ्यांमधल्या तरुणांना याच विषयाचं शिक्षण देतो. तुमच्या वयाच्या मुलामुलींकडून हा प्रश्न सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘सांगावंच का’ याचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. देवाने ख्रिस्तात आपल्याला क्षमा केली, मरणावर जय मिळवला आणि आपल्याला मुलं म्हणून जवळ घेतलं, असा आपला विश्वास आहे. हे खरं मानत असाल तर रोज शेजारी बसून डबा खाणाऱ्या मैत्रिणीपासून ते दडवून ठेवण्यात तिचा मान कसला? तिला तुमच्या सासर-माहेरचं सगळं माहीत आहे, पगाराचं माहीत आहे, मायग्रेनच्या गोळीचं नाव माहीत आहे. फक्त तुम्ही कुणाच्या भरवशावर जगता तेवढं माहीत नाही. ही मैत्री अर्धीच राहते. ती पूर्ण करायची म्हणून सांगायचं. संख्या वाढवायची म्हणून सांगायला निघालात, तर समोरच्याला ते पहिल्या दोन मिनिटांत कळतं.

आता कसं सांगायचं. माझ्याकडे एकच कसोटी आहे आणि पुढचं सगळं तिच्यातूनच निघतं. समोरच्या माणसाला ‘नको’ म्हणायची पूर्ण मोकळीक हवी आणि त्याने ‘नको’ म्हटल्यावर तुमच्या वागण्यात तसूभर फरक पडता कामा नये. मोकळीक नसेल तर गप्प राहा. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायातला श्रीमंत माणूस आठवा. येशूने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्यावर प्रीती केली, खरं ते सांगितलं. तो खिन्न होऊन निघून गेला. येशू त्याच्यामागे धावला नाही, अट शिथिल केली नाही, त्याच्याविषयी कडू शब्दही बोलला नाही. प्रभूने स्वतः जो मान त्या माणसाच्या नकाराला दिला, तो आपण आपल्या शेजाऱ्याच्या नकाराला द्यायला हवा.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात याचा फार मोठा दाखला आहे आणि तो तरुणांना कुणी नीट सांगत नाही. कवी नारायण वामन टिळक 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, मग धर्मावर. उतरण्याआधी त्यांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि वाचा म्हणाले. टिळकांनी केवळ त्या माणसाला शब्द दिला म्हणून वाचायला घेतलं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना हलवेना. त्या प्रवाशाने पत्ता मागितला नव्हता, पाठपुरावा केला नव्हता. एक पुस्तक, थोडा मोकळा संवाद आणि एका विद्वान माणसाच्या बुद्धीवर विश्वास, एवढंच त्याने दिलं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, झाला.

त्याहून मोठा धडा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी त्यांना नातेवाइकांत असताना कळली आणि घरावर आकाश कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे त्या टिळकांकडे आल्या तेव्हाही सोवळं-ओवळं सांभाळून, चूल वेगळी ठेवून राहिल्या. जातिभेद माणसाने केलेला आहे, देवाने नाही, हे त्यांचं त्यांना पटत गेलं आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं की ही बाई कुणाच्या सांगण्यावरून काही स्वीकारणारी नव्हती. त्यांचा विश्वास पुढे इतका भक्कम राहिला, कारण तो त्यांनी स्वतः पारखून घेतला होता. टिळकांनी ख्रिस्तावरचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं ठेवलं, ते हात घालून पूर्ण केलं तेही याच लक्ष्मीबाईंनी.

दुसरी बाजूही तुम्हाला ठाऊक हवी, कारण मैत्रिणीच्या मनात ती असणारच. ख्रिस्ती म्हटल्यावर अनेकांच्या डोक्यात ‘पैसे देऊन बाटवतात’ हे वाक्य पहिल्यांदा येतं. त्याला इतिहास आहे. गोव्यात पोर्तुगीज सत्तेखाली देवळं पाडली गेली, 1560 पासून 1812 पर्यंत, मधला थोडा खंड सोडला तर, तिथे धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) होतं. हे नाकारू नका, त्याला फाटे फोडू नका. घाटावरच्या आपल्या भागात 1876–78 च्या आणि नंतर 1896 ते 1900 च्या दुष्काळांत मिशनांनी अन्न आणि काम दिलं आणि त्याच सुमारास गावंच्या गावं मंडळीत आली, म्हणून ‘तांदळाचे ख्रिस्ती’ हा टोमणा चिकटला. यावर मात्र मला ठाम बोलायचं आहे. आमच्या पूर्वजांना गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हतं. ज्या उपासनामंदिरात त्यांना रांगेत बसायला मिळालं, ज्या शाळेत त्यांच्या मुलीला पाटी मिळाली, तिथे ते माणूस म्हणून गेले. त्यांच्या श्रद्धेची किंमत मूठभर तांदळात करणं हा त्यांचा अपमान आहे. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगता यायला हव्यात. गोव्यातला जुलूम चूकच होता, आणि माझी पणजी विकाऊ नव्हती. ज्याला पहिलं म्हणता येतं त्याचंच दुसरं ऐकून घेतलं जातं.

आता तुमच्या ऑफिसात येऊ. सुरुवात सोमवारच्या चहापासून करा. मैत्रीण विचारते, “काल काय केलंस?” आपल्यातले बहुतेक जण म्हणतात, “काही नाही गं, घरीच.” आणि सकाळी अडीच तास उपासनेत बसलेले असतात. हे लपवणं इतकं अंगवळणी पडलंय की लक्षातही येत नाही. पुढच्या सोमवारी खरं उत्तर द्या. “सकाळी उपासनेला गेले होते. पाळकांनी क्षमेवर संदेश दिला. माझा चुलतभावाशी जमिनीवरून वर्षभर अबोला आहे ना, तेच डोक्यात घोळतंय. फोन करावा म्हणते, पण हात उचलत नाही.” इतकंच. यात उपदेश नाही, बायबलचा संदर्भ नाही, तिला काही स्वीकारायला सांगितलेलं नाही. पण तुमचा देव तुमच्या घरच्या भांडणात लक्ष घालतो, हे तिने ऐकलं. ती विषय बदलेल किंवा म्हणेल, “अगं, आमच्याकडे पण तसंच आहे.” दोन्ही चालेल. आठवड्याने तिने “केलास का गं फोन?” असं विचारलं तर पुढचं बोलणं तिने सुरू केलं असं समजा. आणि फोन केला नसेल तर नाही म्हणून सांगा. अर्धवट राहिलेली गोष्ट सांगणाऱ्यावर लोक जास्त विश्वास ठेवतात, कारण त्यांच्या आयुष्यातही गोष्टी अर्धवटच असतात.

तरुणांना साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, तयार करायला बसवलं की हमखास तेच होतं: ‘मी पापात बुडालो होतो, प्रभूने मला कोकऱ्याच्या रक्ताने धुतलं, आज मी आनंदात आहे.’ हे खोटं नाही, पण संडेस्कूलमध्ये न गेलेल्या माणसाच्या हाती यातलं काही लागत नाही. मी त्यांना सांगतो, एखादा प्रसंग निवडा ज्यात तारीख, जागा आणि माणसं आहेत. बाबांच्या अँजिओप्लास्टीची रात्र, नोकरी गेली तो महिना, परीक्षेत नापास झालो तो दिवस. तेव्हा तुम्ही कशी प्रार्थना केली, काय झालं, काय झालं नाही आणि तरीही विश्वास का टिकला, हे घरी बोलतो तशा भाषेत तीन मिनिटांत सांगा. मोठ्याने बोलून पाहा. आजीला कळलं आणि शेजारच्या काकूंनाही कळलं तर जमलं.

सणांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो उभा राहणारच. गणपतीत मैत्रीण प्रसाद घेऊन येते. काय करायचं? प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला अगदी याच अडचणीवर लिहिलंय, पहिल्या पत्राच्या 8 आणि 10 या अध्यायांत. तिथे प्रश्न मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा होता. समोर वाढलेलं चौकशी न करता खा, पण कुणी ‘हे वाहिलेलं आहे’ असं सांगितलं तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका, असा त्याचा सल्ला आहे. त्यामुळे प्रसाद म्हणून दिलेलं मी खात नाही. काही विश्वासी खातात, त्यांच्याशी मी भांडत नाही. पण नाही म्हणण्याच्या तऱ्हेवर सगळं ठरतं. नाक मुरडून, हात मागे घेऊन ‘आमच्यात चालत नाही’ म्हणणं हे साक्षीचं नुकसान आहे. त्याऐवजी असं म्हणा: “तू आठवणीने आणलंस, फार बरं वाटलं. माझी उपासना येशूची आहे म्हणून मी प्रसाद म्हणून घेत नाही. पण तुझ्या आईच्या हातचे मोदक मला हवेत बरं का, पुढच्या वेळी नैवेद्याच्या आधी चार बाजूला ठेवायला सांग.” मी ज्यांना हे शिकवलं त्यांच्यापैकी कित्येकांना पुढच्या वर्षी वेगळा डबा आला. तिच्या आईने नैवेद्य दाखवण्याआधी तुमची आठवण काढून चार मोदक काढून ठेवले, याहून मोठा आदर काय असतो? आणि त्याच वेळी तिला नेमकं कळलंही, की तुमची निष्ठा कुठे आहे.

त्याला जोडून आणखी एक. गौरी-गणपतीत तिला कोकणात जायचं असतं आणि सुट्टी मिळत नाही. तिचं ऑन-कॉल तुम्ही घ्या, मागण्याआधी. नाताळात ती तुमचं घेईल. नाही घेतलं तरी तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा घ्या.

नाताळ हा तर आपला हक्काचा दरवाजा आहे आणि आपण तो केक आणि चांदणीपुरता ठेवलाय. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळी, लाडू होतात. ताट भरून सोसायटीत द्या, आणि दोन-तीन कुटुंबांना घरी जेवायला बोलवा. जेवणाआधी तुम्ही रोज प्रार्थना करता तशी करा, पण “आम्ही जेवणाआधी आभार मानतो, चालेल ना?” असं विचारून. मुलांपैकी कुणी विचारतंच, “काका, ख्रिसमस म्हणजे काय?” तेव्हा लूकच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट सांगा. शिरगणतीसाठी प्रवास करणारं गरीब जोडपं, उतारशाळेत जागा नाही, गोठ्यात जन्म, आणि बातमी सगळ्यात आधी रात्रपाळी करणाऱ्या मेंढपाळांना. ऊसतोडीच्या हंगामात बैलगाडीतून फडावर जाणारी कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

पाहुणे मंडळीत आले तर त्यांना कळेल अशा भाषेत उपासना हवी. हे मला मनापासून टोचतं, म्हणून लिहितो. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीछंदात लिहिलं, 1616 ला राचोलला ते छापलं गेलं. इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय आहे, त्याच चालीत प्रभूची कथा सांगावी, हे त्या परक्या माणसाला सुचलं. नगरच्या मंडळ्यांत ख्रिस्ती कीर्तनं रंगली. टिळकांनी अभंग लिहिले. ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक उघडलं की ते आजही भेटतात. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं टिळक स्वतः म्हणत. आणि आज पुण्यातल्या कित्येक तरुण मंडळ्यांत गाणी इंग्रजी किंवा हिंदी, प्रार्थना निम्मी इंग्रजी. मैत्रिणीला घेऊन जाल तेव्हा तिला टाळ-मृदंगावरचं टिळकांचं एक भजन ऐकायला मिळालं तर ती परक्या ठिकाणी आली आहे असं तिला वाटणार नाही. मात्र ‘तुकोबा खरे तर आमचेच’ असला दावा कधी करू नका. वारकऱ्याचं दैवत त्याचं आहे. टिळकांनी आपला अनुभव सांगितला. त्यांनी कुणाचे संत पळवले नाहीत.

प्रश्न विचारले जातील, आणि कठीण विचारले जातील. “सगळे धर्म शेवटी सारखेच ना?” याला घाईने हो किंवा नाही म्हणू नका. मी म्हणतो, चांगलं वागायला सगळेच सांगतात, त्यात वाद नाही. पण येशूने स्वतःविषयी जे सांगितलं, मीच मार्ग आहे असं, ते मला बाजूला ठेवता येत नाही. त्याच्यावर विश्वास ठेवून मी जगतो आणि तू तपासून पाहावंस एवढीच माझी इच्छा आहे. हे लपवलं तर आपण मैत्रिणीला फसवतो. उगाच ताणून धरलं तर भांडण होतं. “तुमच्या चर्चमध्ये पण जात आहेच की.” आहे. लग्नं जुळवताना दिसते, कमिट्यांच्या निवडणुकीत दिसते. हे कबूल करा, ते ख्रिस्ताच्या विरुद्ध आहे हेही म्हणा आणि तुम्ही स्वतः त्याविरुद्ध काय करता ते सांगा. काहीच करत नसाल तर आधी ते सुरू करा. “देव आहे तर माझा भाऊ का गेला?” इथे उत्तर देऊ नका. तिच्याबरोबर बसा. आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी येशू आधी रडला, आणि मग त्याला उठवलं.

आजारपणात आपण सगळ्यात जास्त चुकतो. मैत्रिणीची आई ॲडमिट आहे. आधी डबा, रक्तदाता, रात्रीची सोबत, मेडिक्लेमच्या कागदांची झेरॉक्स. मग एकदा विचारा, “मी घरी आईंसाठी प्रार्थना करते, चालेल का?” बहुतेक जण हो म्हणतात. त्यांनीच वॉर्डात करा म्हटलं तर हळू आवाजात, मोजक्या शब्दांत करा. बरं होण्याचं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. औषध थांबवा, ऑपरेशन नको, असं चुकूनही बोलू नका. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तोही चमत्काराच्या दाव्यांकडे आणि उपचार अडवण्याकडे कठोरपणे पाहतो. पण कायदा नसता तरी हे पापच होतं. मिरजेत मिशनरी डॉ. वान्लेस यांनी 1894 साली रुग्णालय सुरू केलं. आपल्या परंपरेत प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच इमारतीत नांदल्या आहेत. आणि माणूस बरा झाला तर त्याचा व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकायचा नाही. त्याच्या आजाराची गोष्ट त्याची आहे.

हीच कसोटी अधिकाराच्या जागी आणखी कडक लावा. तुम्ही टीम लीड असाल तर तुमच्या हाताखालच्या मुलीला, जिचं अप्रेझल तुमच्याकडे आहे, उपासनेला बोलावू नका. तिला ‘नको’ म्हणता येणार नाही. शिकवणीतल्या अल्पवयीन मुलांशी आई-वडिलांच्या मागे धर्माचं बोलू नका. मदत करताना मदतच करा. पिशवीत तांदळाबरोबर पत्रिका टाकू नका. एवढं पाळलं तर आपल्यावरचा जुना आरोप आपोआप गळून पडतो.

व्हॉट्सअॅपवर रोज वचन टाकण्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तर अजिबात नको. तो पाण्याच्या टँकरसाठी आणि पार्किंगसाठी आहे. ‘शुभ सकाळ’च्या ढिगाऱ्यात तुमचं स्तोत्र 23 कुणी उघडतही नाही. स्टेटस ठेवा, तिथे बघायचं की नाही हे बघणाऱ्याच्या हातात असतं, आणि महिन्यातून एखाद्या वेळी, स्वतःच्या दोन ओळी घालून. जिला खरंच गरज आहे तिला एकटीला निरोप पाठवा: “आज तुझा इंटरव्ह्यू ना? सकाळी तुझं नाव घेतलं प्रार्थनेत.” मोबाइलवर मराठी बायबल वाचण्या-ऐकण्याची ॲप्स फुकट आहेत. कुणी मागितलं तर लिंक द्या आणि कुठून सुरुवात करायची ते सांगा. मी मार्ककृत शुभवर्तमान सांगतो: 16 अध्याय, एका रविवारच्या दुपारी संपतं. कमेंटमधल्या वादात पडू नका. दुसऱ्याच्या देवतांची टिंगल करणारे व्हिडिओ, मग ते कितीही मोठ्या प्रचारकाचे असोत, पुढे पाठवू नका. अथेन्समध्ये मूर्ती पाहून पौलाचा जीव कळवळला होता, पण तिथल्या सभेच्या टेकडीवर, अरीयपगावर, उभा राहिला तेव्हा त्याने तिथल्या वेदीचा आणि तिथल्याच कवींचा आधार घेऊन बोलायला सुरुवात केली.

आता कायद्याची भीती. संविधानाचं कलम 25 प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. ‘प्रसार’ हा हक्क संविधान सभेत चर्चा होऊन, विरोध ऐकून घेऊन ठेवला गेला आहे. 1977 साली रेव्हरंड स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नाही. बळजबरी, फसवणूक किंवा प्रलोभन यांनी केलेल्या धर्मांतराविरुद्धचे कायदे ओडिशात 1967 आणि मध्य प्रदेशात 1968 पासून आले आणि पुढे अनेक राज्यांनी ते केले. त्यांत नवी भर पडते, जुन्यात बदल होतात, म्हणून मंडळीने वर्षातून एकदा एखाद्या वकिलाला बोलावून आपल्या राज्यातला त्या दिवशीचा कायदा समजून घ्यावा. धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली गुन्हा आहे. कंपनीची आचारसंहिता वाचा; बहुतेक ठिकाणी कामाच्या वेळेत कुणाच्या मागे लागणं चालत नाही, चहाच्या सुट्टीत दोन मैत्रिणींनी बोलणं चालतं. सोमवारचं ते उत्तर, मोदकांचं बोलणं, घरचं जेवण, यांत बेकायदा काय आहे? धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. खोट्या तक्रारी होतात, प्रार्थनासभांवर जमाव येतो, निर्दोष पाळकांना पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं जातं. मला याचं दुःख आहे आणि रागही आहे. पण तुमच्या वागण्यात लपवण्यासारखं काही नसेल, आणि शेजारचे हिंदू, बौद्ध, मुस्लिम तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखत असतील, तर अशा वेळी साक्ष द्यायला तेच उभे राहतात.

आणि समजा मैत्रीण एक दिवस म्हणाली, मलाही येशूच्या मागे यायचंय? तेव्हा तुम्हीच वेग कमी करा. बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करा, असं प्रभूने लूक 14 मध्ये म्हटलंय. तो हिशेब तिला मांडून दाखवा. घरच्यांना कधी, कसं सांगणार? लग्नाचं काय? ती अनुसूचित जातीची असेल तर 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा हिंदूंना, आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी 1956 पासून शिखांना व 1990 पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. शिक्षण, नोकरी, घरातल्या धाकट्या भावंडांच्या मनातले प्रश्न, सगळं त्याला जोडलेलं आहे. हा नियम मला अन्यायाचा वाटतो, पण तो आहे, आणि तो दडवून कुणाला पाण्यात उतरवणं ही फसवणूक आहे. तिच्याबरोबर वाचा, प्रार्थना करा, एखाद्या समंजस पाळकांशी आणि वकिलाशी भेट घालून द्या. शक्य असेल तर तिच्या आई-वडिलांना भेटा. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली. तिलाही लागू देत. बाप्तिस्म्याचे फोटो फेसबुकवर टाकू नका.

राहिल्या तरुण संघाच्या पत्रिका. चौकात वाटण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही, जुन्या काळी त्यातून अनेकांना प्रकाश मिळाला. पण आज त्यातल्या बऱ्याच रस्त्यावर पडतात, आणि वचनं पायाखाली जातात. शिवाय ज्याच्या हाती पत्रिका जाते त्याला प्रश्न विचारायचा झाला तर वाटणारा पुढच्या चौकात गेलेला असतो. संघाला सांगा, या वर्षी छपाईचा खर्च नाताळच्या संध्याकाळच्या एका कार्यक्रमाकडे वळवा. मंडळीच्या अंगणात मराठी भजन, कीर्तनाच्या धर्तीवर येशूजन्माची कथा, सगळ्यांना फराळ. प्रत्येकाने ज्यांच्या घरी आपलं जाणं-येणं आहे अशा एक-दोन कुटुंबांनाच स्वतः जाऊन आमंत्रण द्यायचं, आणि कार्यक्रमात ख्रिस्ताविषयी बोललं जाणार आहे हे आमंत्रणातच स्पष्ट सांगायचं. दाराशी एका टेबलावर मार्कच्या शुभवर्तमानाच्या प्रती ठेवा, हव्या त्याने न्याव्यात. पोलीस ठाण्यात कार्यक्रमाची माहिती आधी लेखी द्या, लाउडस्पीकरची परवानगी काढा, दहाच्या आत आटपा. तयारीला निदान दोन महिने लागतात, तेव्हा ऑक्टोबरमध्येच पाळकसाहेबांशी बोला. तुमच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला पहिलं आमंत्रण द्या.